अठरा नावांचं मस्टर

मध्य रेल्वेवरच्या ज्या शहरात मी पस्तीसेक वर्षं राहते आहे, तिथल्या आमच्या नागरिक मंचाने २००२ मध्ये महापालिकेकडून सफाईचं काम घेतलं आणि पुढची काही वर्षं चालवलं. मी मंचाची सचिव होते. करारावर सही माझी, मस्टरवर सही माझी, महिन्याचे पैसे वाटायचे तेही माझ्याच हाताने. त्या काळात मी जे केलं त्यातलं बरंच चुकीचं होतं. त्याची किंमत मला मोजावी लागली नाही. ज्यांच्या हातात झाडू होता त्यांनी ती मोजली. हे लिहायला मी उशीर केला, तरी लिहायला हवं, कारण शहराची कामं मंच, मंडळं आणि फाउंडेशनांकडे सोपवणं आता अंगवळणी पडलं आहे आणि त्यात पुढाकार घेणारी माणसं बहुतेक आमच्यासारखीच, चांगल्या मनाची असतात.

मी परळच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडील पुन्हा कधी कामावर गेले नाहीत. शेजारच्या घरांत बायकांनी डबे सुरू केले, मुलं शाळेतून निघाली, काही कुटुंबं खोली विकून गावी गेली. आमच्यावर ती वेळ आली नाही, कारण १९७९ मध्येच मी परीक्षा देऊन एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागले होते. कायम नोकरी, महागाई भत्ता, भरपगारी रजा, औषधपाण्याची बिलं. पुढे कर्मचाऱ्यांना सवलतीच्या व्याजाने मिळणाऱ्या कर्जावर इथला फ्लॅट घेतला. चाळीतून फ्लॅटमध्ये येताना फक्त पत्ता बदलत नाही. आपलं सगळं आपण आपल्या हुशारीने मिळवलं असं वाटायला लागतं, आणि मलाही तसंच वाटायला लागलं होतं. खरं तर मला परळमधून बाहेर काढलं ते एका कायम नोकरीने, आणि ती नोकरी सार्वजनिक बँकेतली होती.

जुलै १९९१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं. आमच्या युनियनमध्ये त्याला ‘खाउजा’ म्हणत: खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. नरसिंहम समितीच्या शिफारशींविरुद्ध आम्ही बिल्ले लावले, संप केले, आझाद मैदानावर घोषणा दिल्या. बँका खाजगी हातात जाता कामा नयेत असं मी तेव्हा मनापासून मानत होते आणि आजही मानते. मग २०००-२००१ मध्ये सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना आली. देशभरात एक लाखाच्या आसपास कर्मचारी बाहेर पडले, त्यांत मीही होते. हातात मोठी रक्कम आली, वर पेन्शन. ज्या धोरणाने माझ्या वडिलांच्या पिढीला रस्त्यावर आणलं, त्याच वाटेवरच्या पुढच्या टप्प्याने मला चेक देऊन सन्मानाने घरी पाठवलं. माणसं कमी करायचीच असली तरी कोणाला कशी कमी करायची हे वर्ग पाहून ठरतं, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. मला एवढंच दिसलं की आता वेळ मोकळा आहे आणि समाजासाठी काही करावं.

आमचा मंच १९९८ च्या सुमाराला सुरू झाला होता. मुंबई महापालिकेने १९९७ मध्ये प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजे एएलएम सुरू केलं होतं. गल्लीतल्या सोसायट्यांनी एकत्र यायचं, ओला-सुका कचरा वेगळा करायचा, वॉर्ड ऑफिसशी बोलायचं. त्याच्या बातम्या वाचून आम्हीही उभे राहिलो. निवृत्त बँकवाले, एलआयसीतले, दोन डॉक्टर, काही शिक्षिका, एक छोटे कारखानदार. नाल्याकाठच्या वस्तीतलं कोणी सभासद नव्हतं. आम्ही कोणाला मज्जाव केला नव्हता. पण सभा रविवारी सकाळी दहाला सोसायटीच्या हॉलमध्ये होत, आणि त्या वेळी वस्तीतल्या बायका आमच्याच घरांमध्ये भांडी घासत असत. आम्ही स्वतःला ‘शहराचे नागरिक’ म्हणत होतो, आणि वस्ती हा आमच्या कामाचा विषय होता.

त्या वर्षांत मी स्थानिक वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत असे. पालिकेचे सफाई कामगार हजेरी चौकीवर सही करून निघून जातात, दारू पितात, बदली माणूस पाठवतात. कायम नोकरी आहे म्हणून कोणाला भीती नाही. यातलं काही खरं होतं. पण त्या पत्रांमध्ये मी एकदाही विचारलं नाही की शहराची वस्ती दुपटीने वाढली असताना झाडूखात्यातली किती पदं भरली गेली. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या जात होत्या. पालिकांनी आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा शासनाचा दंडक, त्यामुळे नवी भरती जवळपास थांबलेली. पगार हा आस्थापना खर्चात येतो. कंत्राटदाराला दिलेलं बिल त्यात धरलं जात नाही. म्हणजे तीच माणसं, तेच रस्ते, तोच कचरा, फक्त खर्चाचं शीर्षक वेगळं केलं की कागदावर पालिका काटकसरी ठरते. मी बावीस वर्षं बँकेत खतावण्या पाहिल्या होत्या. हा हिशेब मला समजला नाही असं मी म्हणूच शकत नाही. मी तो तपासला नाही एवढंच खरं.

माझ्या त्या पत्रांमुळेच पालिकेतल्या एका अधिकाऱ्याने आम्हाला बोलावलं. तुम्ही एवढ्या तळमळीने लिहिता, तर नाल्याकाठची वस्ती आणि बाजूचे रस्ते तुमच्याच मंचाने सांभाळा, लोकसहभागातून. पालिका मासिक रक्कम देईल. पस्तीस माणसं लागतील, पण एका संस्थेकडे अठराच दाखवा; उरलेली सतरा दुसऱ्या संस्थेच्या नावावर. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा तेव्हा वीस किंवा अधिक माणसं लावणाऱ्याला लागू होत होता. आमच्याच लोकांचं एक महिला मंडळ होतं आणि त्याची अध्यक्ष माझी जाऊ होती. अठरा इकडे, सतरा तिकडे. माणसं सकाळी एकाच ठिकाणी जमत, एकाच पिंपातलं पाणी पीत आणि एकाच मुकादमाच्या हाताखाली काम करत.

हा आकडा अठराच का, हे मी विचारलं होतं. उत्तरही मिळालं होतं: ‘कायद्याची कटकट नको.’ मी मान हलवली.

करारात त्यांना कामगार म्हटलेलं नव्हतं. ते स्वयंसेवक होते आणि त्यांना मिळत होतं ते मानधन. त्यामुळे प्रॉव्हिडंट फंड नाही, ईएसआय नाही, भरपगारी सुट्टी नाही. कायम सफाई कामगाराला जे मिळत होतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही हे मानधन नव्हतं. मी मनाची समजूत घातली होती की आम्ही यातून एक रुपयाही घेत नाही. ते खरंच होतं. आम्ही एक रुपयाही घेतला नाही, म्हणूनच पालिकेला इतकी स्वस्त सफाई मिळाली. नफा मागणारा ठेकेदार त्या दरात काम करू शकला नसता. आमचा प्रामाणिकपणा त्या स्वस्ताईत खर्ची पडत होता आणि भार अठरा अधिक सतरा लोकांच्या अंगावर पडत होता.

ती सगळी माणसं दलित होती. बहुतेक बौद्ध आणि मातंग, मराठवाड्यातून आलेली. हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. आमच्या मंचाच्या अहवालांमध्ये मात्र जात हा शब्द कुठेही नाही. ‘गरजू बांधव-भगिनी’ असं लिहिलेलं आहे. कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळावी अशी लाड-पागे समितीची शिफारस आहे. पिढ्यानपिढ्या ज्यांच्यावर हे काम लादलं गेलं, त्यांच्या हाती निदान या नोकरीची शाश्वती यावी हा त्यामागचा विचार. मंचाच्या मस्टरवरच्या माणसाला तो वारसाहक्कही नव्हता. काम जातीने ठरलेलं तसंच राहिलं, आणि त्या कामाला लागून जी थोडीफार सुरक्षितता आली होती तेवढी आम्ही काढून घेतली.

ती माणसं मला ताई म्हणत. मीही दिवाळीला फराळ, साड्या, मुलांना वह्या द्यायचे. त्या नात्याबद्दल मला प्रेम होतं, ते खोटं नव्हतं. पण पगार वाढवून मागणं ताईशी बोलताना अवघड होतं, आणि ते अवघड होतं हे माझ्या सोयीचं होतं.

२००५ च्या पावसाळ्यात, जुलैच्या महापुरानंतर, कचऱ्याचे ढीग उपसताना जालन्याकडच्या एका बाईंच्या पायात फुटलेल्या ट्यूबलाइटची काच गेली. गमबूट आम्ही दिले होते, पण ते आदल्या वर्षीचे, तळ फाटलेले. नवे मागितले होते. मी पुढच्या बिलाची वाट पाहत होते. जखम चिघळली. बाईंना मधुमेह होता. सरकारी रुग्णालयात पायाची दोन बोटं काढावी लागली. मंचाने सोसायट्यांमधून वर्गणी काढली आणि छोट्या समारंभात पाच हजार रुपयांचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. वर्तमानपत्रात फोटो आला. कामावर झालेल्या इजेची भरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ पासून आहे. जे त्यांना भरपाई म्हणून मिळायला हवं होतं ते मी वर्गणी म्हणून दिलं आणि वर त्यांच्याकडून आभार घेतले. बऱ्या होईपर्यंत त्या घरी होत्या आणि त्या महिन्यांचे त्यांच्या नावापुढे खाडे लागले. ते खाडे मी लावले.

त्यानंतर काही जणांनी एका युनियनची कार्डं घेतली. मला ते मुकादमाकडून कळलं आणि राग आला, विश्वासघात झाल्यासारखा. मी सगळ्यांना वाचनालयाच्या पडवीत बोलावलं. आपण एक कुटुंब आहोत, घरातली गोष्ट बाहेर नेऊ नका, यात राजकारण आणलंत तर पालिका काम काढून घेईल आणि मग माझा इलाज नाही, असं बोलले. त्यातल्या सर्वात वयस्कर बाई म्हणाल्या, ‘ताई, तुमच्या बँकेत युनियन व्हती न्हवं?’ बँकेच्या संपाच्या गोष्टी त्यांना मीच सांगितल्या होत्या. मी म्हणाले, ‘ते वेगळं होतं.’ काय वेगळं होतं ते मी सांगितलं नाही, कारण सांगता आलं नसतं. गिरणी कामगाराची मुलगी आणि दोन दशकं युनियनची पावती फाडणारी बाई कामगारांना धमकी देत होती, आणि ती धमकी होती हे त्या पडवीतल्या प्रत्येकाला समजलं होतं.

युनियनने कामगार खात्याकडे तक्रार केली. मंचाला खुलासा मागितला गेला. मी लिहून दिलं: ‘सदर व्यक्ती संस्थेच्या स्वयंसेवक असून त्या समाजसेवेच्या भावनेने काम करतात. त्यांना दिली जाणारी रक्कम हे मानधन आहे.’ माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं सर्वात खोटं वाक्य ते. पहाटे साडेपाचला नाल्यात उतरणारी, एक दिवस चुकला तर पैसे कापले जाणारी बाई स्वयंसेवक नसते. स्वयंसेवक मी होते. माझ्यामागे पेन्शन होतं, म्हणून मला फुकट काम करता येत होतं. माझी ऐपत मी त्यांच्या नावावर लिहून टाकली.

त्याच वर्षांत मी गिरण्यांच्या जमिनींच्या प्रश्नावर सभांना जात होते, हेही सांगितलं पाहिजे. १९९१ च्या नियमात त्या जमिनींचे तीन वाटे होते: शहराच्या मोकळ्या जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती ठेवली गेली आणि शहराचा व कामगारांच्या घरांचा वाटा आक्रसला. पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. कागदावरचा एक शब्द बदलून कामगाराचा वाटा कसा नाहीसा करतात यावर मी मंचाच्या सभेत तळतळून बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा नावांच्या मस्टरवर सही केली. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे मला दिसलं नाही. वडिलांवर झालेला अन्याय मला कळत होता, कारण तिथे मी त्यांच्या बाजूला उभी होते. इथे मी दुसऱ्या बाजूला होते आणि तिथून तोच प्रकार ‘उपक्रम’ दिसत होता.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचं नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं. त्यानंतरच्या वर्षांत कचऱ्याची मोठी, एकत्रित कंत्राटं निघू लागली. आमच्याकडेही २००८ मध्ये निविदा निघाली, कॉम्पॅक्टर गाड्या असलेली कंपनी आली आणि मंचाचं काम संपलं. आम्हाला सन्मानचिन्ह मिळालं. पस्तीसपैकी तरुण माणसं कंपनीने घेतली. पायाची बोटं गेलेल्या बाईंना घेतलं नाही. मी तेव्हा समजले होते की आम्हाला बाजूला सारून खाजगीकरण झालं. आता वाटतं, खाजगीकरण २००२ मध्येच झालं होतं. कायम पदं मोडून काम करारावर नेण्याचा अवघड भाग आमच्या हातून पार पडला, कारण आमच्याविरुद्ध मोर्चा कोण काढणार? कंपनीने थेट पहिल्या दिवशी येऊन ते केलं असतं तर शहरात विरोध झाला असता. कदाचित मीच पत्रं लिहिली असती.

मुंबईत हाच लढा कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं लढवला. तिथेही काम स्वयंसेवी संस्थांच्या नावावर, माणसं विसाच्या आतल्या गटांत विभागलेली आणि कागदावर स्वयंसेवक. २००१ च्या स्टील ऑथॉरिटी खटल्याच्या निकालाने कंत्राटी कामगाराला आपोआप सामावून घेण्याची वाट बंद केली होती. पण कंत्राट निव्वळ देखावा असेल तर कामगार मूळ मालकाचाच ठरतो, ही फट त्याच निकालात होती. संघाने तेवढ्या फटीतून खटला चालवला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला, उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतरही नावांतल्या आणि कागदपत्रांतल्या फरकांवरून अनेकांचं कायम होणं रखडलं.

हे शेवटचं वाचताना मला माझं मस्टर आठवलं. त्यात आडनावं नव्हती. हाक मारायची नावं होती, तीही मी ऐकली तशी लिहिलेली. त्या निकालानंतर काही महिन्यांनी जालन्याच्या त्या बाईंचा मुलगा माझ्याकडे आला. आईने इथे काम केल्याचा कागद हवा होता. मंच बंद झाल्यावर ते कागद मी रद्दीत दिले होते. माझ्या नावाने, सहीनिशी, घडलं तसं लिहून दिलं: त्या कामगार होत्या, पगारी होत्या, कामावर जखमी झाल्या, आणि पूर्वी मी दिलेला खुलासा खोटा होता. त्याचा उपयोग झाला नाही. दहा वर्षांपूर्वी, कामगार खात्याने विचारलं तेव्हा एवढंच लिहिलं असतं तर कदाचित झाला असता.

पार्थ चॅटर्जींनी नागरी समाज आणि राजकीय समाज असा भेद मांडला आहे: हक्कांची भाषा बोलणारे थोडे नागरिक एकीकडे, आणि सरकारच्या योजनांच्या याद्यांत मोजली जाणारी बहुसंख्य लोकसंख्या दुसरीकडे. ही मांडणी मी उशिरा वाचली. आमच्या शहरातल्या अनुभवावरून मला त्यात एक भर घालावीशी वाटते: १९९१ नंतर त्या दोघांमध्ये मालक-नोकराचं नातंही तयार झालं, आणि ते सेवेच्या नावाखाली झालं.

याचा अर्थ नागरिकांनी संघटित होऊ नये असा मी घेत नाही. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही स्वतःची संघटना बांधली, डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते, आणि पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. पालिकेशी करार करणाऱ्या त्या संस्थेत कचरावेचकच सभासद आहेत. त्यांनाही कायम नोकरी नाही आणि दर नूतनीकरणाला भांडावं लागतं, तेव्हा तो आदर्श म्हणून मी पुढे करत नाही. पण तिथे करार काय आहे हे काम करणारीला माहीत असतं. आमच्या पस्तीस जणांपैकी एकालाही मी करार वाचून दाखवला नव्हता.

सध्या मी आमच्या सोसायटीच्या समितीवर आहे. हाउसकीपिंगच्या एजन्सीकडून दर महिन्याला पगारपत्रक आणि पीएफचं चलन मागते. एजन्सी बदलली तरी माणसं बदलायची नाहीत, हा ठराव करून घेतला. त्यामुळे देखभाल खर्च वाढला आणि त्यावरून सभेत भांडणं होतात. ज्यांच्याशी भांडते त्यांतले काही जण मंचातले माझे जुने सहकारी आहेत. ‘आपण काय त्यांचे मालक आहोत का?’ असं ते विचारतात. होय, आहोत.

कंत्राटी कामगार कायद्यातली वीसची मर्यादा महाराष्ट्राने आधीच पन्नासवर नेली होती आणि २०२० च्या केंद्रीय संहितेतही ती पन्नास आहे. म्हणजे आता अठरा-सतराची विभागणी करायचीही गरज नाही. पस्तीसच्या पस्तीस एकाच मस्टरवर, कायद्याच्या बाहेर ठेवता येतात. तुम्ही एखाद्या मंडळाच्या, ट्रस्टच्या किंवा सोसायटीच्या वतीने असा करार करणार असाल, तर सही करण्याआधी तो त्या कामगारांना वाचून दाखवा. मस्टरवर त्यांचं पूर्ण नाव, आधारवर आहे तसं लिहा. आणि संस्था बंद झाली तरी ते कागद रद्दीत देऊ नका.